आमच्या घरची उपासना, कढीपत्ता आणि उंबराचं झाड

रविवारी संध्याकाळी पावणेसात झाले की आमच्याकडे सतरंजी कोणी टाकायची यावरून भांडण सुरू होतं. दादाचं म्हणणं मागच्या वेळी मी टाकली, छोटीचं म्हणणं मागच्या वेळी आजीनेच टाकली होती, आणि तोवर सासूबाई खरंच उठून सतरंजी टाकायला लागलेल्या असतात. म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरातली कौटुंबिक उपासना भांडणाने सुरू होते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणाला वाटायचं की इथे मुलं हात जोडून रांगेत बसलेली असतात.

बऱ्याच जणींनी विचारलं की तू मुलांना घेऊन घरी प्रार्थना कशी घेतेस, आमची तर पाच मिनिटं बसत नाहीत. माझीही बसत नाहीत. पण पाच वर्षं झाली आता, दादा आठवीत गेला आणि छोटी चौथीत, आणि एखाद-दुसरा रविवार सोडला तर सतरंजी पडते. कसं जमलं ते लिहिते, आणि त्याआधी काय काय जमलं नाही ते, कारण ते जास्त आहे.

मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं). आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली आणि मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' सुरू झालं १८४२ ला, ही दोन सालं आम्हाला शिवाजी महाराजांच्या जन्मसालासारखी पाठ, कारण आजोबा जेवताना पण विचारायचे. त्यांच्या घरी रोज रात्री आठला प्रार्थना. रोज म्हणजे रोज, पाहुणे आले तरी, लाईट गेली तरी, मॅच असली तरी. शेजारच्या वाड्यात त्या वेळी पोरं शुभंकरोती आणि परवचा म्हणून मोकळी झालेली असायची आणि आमच्या पाढ्यांच्या जागी दहा आज्ञा. एक गीत, एक स्तोत्र, आणि मग गुडघ्यावर टेकून आजोबांची प्रार्थना, ज्यात सगळे नातेवाईक एकेक करून यायचे, सोलापूरची आत्या, जालन्याचे काका, मुंबईचे मामा, आम्ही चुलत भावंडं मनात मोजत बसायचो की आता किती राहिले. मुंबई आली की सुटका जवळ. एकदा मी गुडघ्यावरच झोपले आणि कपाळ पलंगाच्या कडेला आपटलं, ती खूण अजून भुवईजवळ आहे.

लग्नानंतर पुण्यात आले, नोकरी, ट्रॅफिक, मुलं, आणि रोजची प्रार्थना कधी बंद पडली ते कळलंही नाही. रविवारी सकाळी चर्च आणि झोपताना मुलांकडून दोन ओळी, एवढंच. नवऱ्याची चाकणला शिफ्ट, त्यामुळे कित्येक रविवारी तो घरीच नसतो. मनात अधूनमधून टोचायचं, पण टोचण्यावर काही होत नाही.

मग २०२० चा मार्च. २२ तारखेला जनता कर्फ्यू, आणि तो रविवार होता. आयुष्यात पहिल्यांदा आजारी नसताना रविवारी चर्चला गेलो नाही. संध्याकाळी पाचला सगळ्या सोसायटीने थाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, आणि सातला सासूबाई म्हणाल्या, चला आता आपण उपासना घेऊया. छोटी तेव्हा साडेतीन वर्षांची. तिने थाळी आणि पळी सोडायलाच नकार दिला. पहिल्या गीताला ती थाळी अशी काही वाजवली की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं असणार दुसरा राउंड सुरू झाला. मी दटावलं, ती रडली, थाळी काढून घेतली, अजून रडली, आणि आमची पहिली घरगुती उपासना छोटीच्या हुंदक्यांत आटोपली. आता वाटतं वाजवू द्यायची होती. स्तोत्रसंहितेच्या अगदी शेवटच्या स्तोत्रात झांजा वाजवून स्तुती करा असंच तर सांगितलंय, मीच शहाणी.

माझी खरी चूक वेगळीच होती. मला घरात चर्च भरवायचं होतं. आवाहन, गीत, पापांगीकार, जुन्या करारातून वाचन, नव्या करारातून वाचन, उपदेश, दानार्पण, सूचना (सूचना! घरात चार माणसं, कोणाला सूचना?), आशीर्वचन. मी कागदावर क्रम लिहून फ्रिजवर लावला होता. उपदेश मी करायचे. कॉलेजात असताना संडे स्कूल शिकवलेलं, त्यामुळे आपल्याला येतं असा दांडगा विश्वास.

झावळ्यांचा रविवार आला ५ एप्रिलला. येशू शिंगरावर बसून यरुशलेमात आला आणि लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. झावळ्या कुठून आणायच्या, खाली उतरायचीच बंदी. बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता होता, त्याच्या दोन डहाळ्या तोडल्या आणि दोन्ही मुलं हॉलमधून किचनमध्ये आणि किचनमधून हॉलमध्ये 'होसान्ना होसान्ना' करत फिरली, शिंगरू म्हणून दादाची जुनी ट्रायसिकल. घरभर कढीपत्त्याचा वास. त्याच रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावायचे होते, तर छोटीला वाटलं येशूसाठीच सगळ्यांनी दिवे लावलेत, आणि कोणी तिला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या डहाळ्या आमटीच्या फोडणीत गेल्या. सासूबाईंना जरा विचित्र वाटलं, पण भाजीवाला येत नव्हता त्या दिवसांत, काय करणार.

तो रविवार मुलांना अजून आठवतो. माझा उपदेश कोणाला आठवत नाही, मलाही नाही.

आणि मग आला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, १० एप्रिल. चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर एक वक्ता, मध्ये मध्ये गीतं. मी ठरवलं घरी पण बारा ते तीन. तुम्ही हसताय ते कळतंय मला. पहिल्या उद्गारावर मी वीस मिनिटं बोलले. दुसऱ्याला छोटी आजीच्या मांडीवर झोपली. तिसऱ्याला दादाने विचारलं की येशूला भूक लागली होती का, आणि मी त्यावर अध्यात्मिक उत्तर द्यायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्याला स्वतःला भूक लागलीये. चौथ्याला नवरा (कंपनी बंद, म्हणून घरी) शांतपणे म्हणाला, "अगं, येशू सात वाक्यं बोलला. तू सातशे बोलतेयस."

मी भयंकर चिडले. किचनमध्ये जाऊन भांडी आपटली. पण सात वाक्यं आणि सातशे वाक्यं, हे डोक्यातून जाईना.

ईस्टरच्या रविवारपासून फ्रिजवरचा कागद निघाला.

मग काय करायचं हा प्रश्न होताच. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. तिच्याकडे ऑक्टोबरात आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी घरी रोजरी (माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना) असते, तिला विचारलं तुमची पोरं कशी बसतात गं. ती म्हणाली बसत नाहीत, कामं करतात. रोजरीत पाच टप्पे आणि प्रत्येकात दहा वेळा 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना, तर त्यांच्याकडे प्रत्येक टप्पा वेगळा माणूस घेतो, सगळ्यात लहान मुलगासुद्धा, आणि तो कुठे चुकतोय यावर बाकीच्यांचं बारीक लक्ष असतं. मेणबत्ती लावणारा वेगळा, आल्तारची, म्हणजे घरातल्या वेदीची, फुलं बदलणारा वेगळा. "ज्याला काम नाही तो झोपतो, आमचे पप्पा पण," असं तिचं म्हणणं. आमच्यात रोजरी नाही, पण कामं वाटून द्यायला कोणता पंथ लागतो?

तर कामं वाटली. छोटीकडे मेणबत्ती (लावते आजी, विझवते छोटी, विझवण्यासाठीच ती शेवटपर्यंत थांबते) आणि गल्ला. दानार्पणाचा मातीचा गल्ला आहे, त्यात प्रत्येकाने काहीतरी टाकायचं आणि वर्षातून दोनदा फोडायचा, पैसे कुठे द्यायचे ते मुलं ठरवतात. पहिल्या वर्षी त्यांनी कुत्र्यांच्या बिस्किटांसाठी ठरवलं, मला वाटलेलं अनाथाश्रम वगैरे म्हणतील, पण म्हटलं ठीक आहे, आपणच ठरवायला सांगितलं ना. दादाकडे गीत निवडायचं आणि वाचायचं. सासूबाईंकडे गोष्ट. नवरा घरी असला तर टाळ. माझ्याकडे प्रार्थनेची सुरुवात आणि गप्प बसणे. हे दुसरं काम सगळ्यात अवघड.

वेळ वीस मिनिटं. घड्याळ समोर. आणि जेवणाआधी, कारण जेवणानंतर सगळे सुस्त आणि फार आधी घेतली तर खालून खेळायला हाका. सात वाजता घेतली की सव्वासातला कुकरची वाफ गेलेली असते, आमेनला जोडूनच पानं. कोणी म्हणेल प्रार्थनेला जेवणाची लालूच. असू दे.

गीतांचं सांगायला हवं. सुरुवातीला मोबाईलवर ट्रॅक लावायचे आणि मागून म्हणायचो. एकदा गीताचं दुसरं कडवं संपलं आणि मध्येच कुठल्या तरी ऑनलाईन रमीची जाहिरात लागली, सासूबाई डोळे मिटून होत्या, त्यांना वाटलं दादा बोलतोय. तेव्हापासून मोबाईल सगळ्यांचे शोकेसच्या खणात. आता नुसता टाळ, टाळ्या, आणि छोटीचा स्टीलचा डबा. हो, थाळीवरून डब्यावर आलोय, आवाज जरा बरा.

आजोबांचं 'उपासना संगीत', म्हणजे चर्चमधल्या गीतांचं पुस्तक, माझ्याकडे आहे, पुठ्ठा गेलेला, पानांच्या कडा तपकिरी, काही गीतांसमोर पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, कोणाच्या लग्नात म्हटलं, कोणाच्या मयतीला. दादाने त्यात 'टिळक' नाव वाचलं आणि विचारलं, लोकमान्य टिळक चर्चसाठी पण गाणी लिहायचे? मला हसू आवरेना. मग त्याला सांगितलं, हे वेगळे, रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, कोकणातले, १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, फुलांमुलांचे कवी म्हणतात त्यांना, आणि 'केवढे हे क्रौर्य' म्हणून पक्षिणीची कविता आपल्या शाळेत होती ती त्यांचीच. "लक्ष्मीबाईंचे मिस्टर," सासूबाई मध्येच म्हणाल्या. 'स्मृतिचित्रे' त्यांनी किती वेळा वाचलंय देव जाणे, त्यांच्या दृष्टीने टिळकांची ओळख तीच.

टिळकांचं मोठं काम माझ्या मते असं की त्यांनी प्रार्थना अभंगात आणली. त्याआधी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली गीतं बरीच होती, आजही आहेत, ती चर्चमध्ये ऑर्गनवर छान वाटतात, पण घरात सतरंजीवर बसून चार माणसांनी म्हटली की कुठेतरी श्वास कमी पडतो. अभंगाचं तसं नाही. टाळ घ्या आणि सुरू व्हा, कोणी बेसूर असलं तरी झाकून जातं, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं म्हणून वाचता न येणारं पोरगंही तिसऱ्या वेळी म्हणायला लागतं. छोटीला वाचता यायच्या आधी तीन अभंग पाठ होते, अर्थ शून्य.

अर्थावरून आठवलं. आमची दोघंही इंग्लिश मीडियमची. पवित्र शास्त्रातलं मराठी त्यांना परग्रहावरचं वाटतं. तेविसावं स्तोत्र पाठ करून घेत होते, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही', तर दादा म्हणे, उणे म्हणजे मायनस ना? आजीने गणिताच्या वेळी त्याला पाच उणे दोन असं कधीतरी शिकवलेलं. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, हो, मायनसच, मेंढपाळ असला की तुझं खातं मायनसमध्ये जात नाही. मी बँकेत काम करते, मला हे आयुष्यात सुचलं नसतं.

प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' येतं तिथे छोटी नेहमी थांबायची. तिला भाकरी आवडत नाही, घशात टोचते म्हणे. एकदा म्हणते, मम्मी पोळी म्हटलं तर चालेल का? मी म्हटलं विचार आजीला. आजी म्हणाली, चालेल, पण देव बाजरी पाठवेल तेव्हा तक्रार करायची नाही. तर दोन-तीन महिने आमच्या घरी चार जण भाकर म्हणायचे आणि एक बारीक आवाज पोळी. मग एका रविवारी तिने आपण होऊन भाकर म्हटलं, का ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

सोपी मराठी हवी हा प्रश्न काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तीमध्ये, म्हणजे निराधार बायकांसाठी काढलेल्या त्यांच्या आश्रमात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं ते याचसाठी, की आधीची भाषा जड होती आणि त्यांच्याकडच्या साध्या बायकांना ती कळत नव्हती. छपाईसुद्धा तिथल्या बायकांनीच केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ ला. घरात पोरांना 'तारण', म्हणजे पापातून सुटका, समजावताना मला त्यांची फार आठवण येते, कारण बँकेत आम्ही तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेलं सोनं म्हणतो, आणि दादाला तोच अर्थ माहीत. बाकी आम्ही वाचनाला बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र घेतो, दादा चार-पाच ओव्या (म्हणजे वचनं) वाचतो, त्याहून जास्त नाही, आणि मग आजी तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगते. मुलांना दोनदा ऐकायला मिळतं, एकदा पुस्तकातलं आणि एकदा घरातलं.

प्रार्थना मात्र सगळ्यांनी स्वतःची करायची, एक वाक्य चालेल. इथे मी नियम केलाय की कोणाच्याही प्रार्थनेला हसायचं नाही आणि सुधारायचं नाही. हसायचं नाही हे पाळणं कठीण. छोटी चार वर्षांची असताना हॉलमध्ये ट्यूबलाईटमागे एक पाल मुक्कामाला होती, आणि तिची प्रार्थना कित्येक आठवडे एकच, "प्रभू येशू, पालीला बाहेर ने पण मारू नको, आमेन." पाल गेली नाही. पण एका रविवारी तिने वाक्य बदललं, "पालीला राहू दे, पण तिकडेच." दादाने त्या वर्षी एकदाच काहीतरी मोठं मागितलं, त्याच्या मित्राचे बाबा कोविडमध्ये ऑक्सिजनवर होते. ते गेले. पुढच्या रविवारी त्याने वाचलं, गीत निवडलं, आणि प्रार्थनेची पाळी आली तेव्हा म्हणाला, मी पास. मी पास म्हटलं तरी चालतं असं तेव्हा ठरलं. आठ-नऊ आठवडे तो पास म्हणत होता. मी बोलायला तोंड उघडायचे आणि सासूबाई मांडीवर हात ठेवायच्या.

एक गोष्ट घरी करायची नाही ती म्हणजे प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं), ते पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी द्यायचं आणि आमच्या मंडळीत दृढीकरण झालेल्यांनीच, म्हणजे मोठं झाल्यावर सगळ्यांसमोर आपला विश्वास कबूल केलेल्यांनीच घ्यायचं. पण छोटीने एकदा दुपारी बाहुल्यांची उपासना भरवली आणि पार्ले-जीचे तुकडे आणि कोकम सरबत सगळ्या बाहुल्यांना वाटलं, अगदी गंभीर चेहऱ्याने, एका अस्वलाला दिलं नाही कारण त्याचं दृढीकरण झालेलं नव्हतं. सासूबाई अस्वस्थ झाल्या, हे असं खेळायची गोष्ट आहे का. मीही गोंधळले. पाळकसाहेबांना फोन केला तर ते आधी पोटभर हसले आणि मग म्हणाले, ती तुम्हाला बघून शिकतेय, रागावू नका, फक्त अस्वलाला पण द्यायला सांगा.

१६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, सरकारने धार्मिक स्थळं उघडली. मला वाटलं आता घरची उपासना आपोआप संपेल. चर्च उघडलं, मास्क लावून अंतर ठेवून बसलो, सगळ्यांना भेटून डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या रविवारी संध्याकाळी सातला छोटी सतरंजी ओढत हॉलमध्ये. म्हटलं अगं सकाळी झालं ना चर्च. तर म्हणे तिथे मेणबत्ती मला विझवू देत नाहीत.

आता दादा तेरा वर्षांचा. आता वेगळाच खेळ आहे. सतरंजीवर भिंतीला टेकून, हुडी डोक्यावर ओढून, डोळे छताकडे. "बोर होतं" हे त्याने मला तोंडावर सांगितलंय. मी आधी आजोबांच्या आवाजात सुरू झाले, आमच्या वेळी रोज गुडघ्यावर वगैरे, आणि मध्येच भुवईजवळची खूण आठवून थांबले. आम्हालाही बोरच व्हायचं की. विचारलं, काय केलं तर बोर होणार नाही? म्हणाला, प्रश्न विचारू दिले तर. विचार म्हटलं. पहिलाच प्रश्न, महापुराच्या वेळी नोहाच्या तारवात (मोठ्या जहाजात) जे चढले नाहीत त्या लहान मुलांचं काय, त्यांनी काय पाप केलं होतं? सगळे गप्प. सासूबाईंनी कुकरकडे बघितलं. मी म्हटलं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. हा प्रश्न पाळकसाहेबांपर्यंत गेला, त्यांनी दादाला चहाला बोलावून तासभर गप्पा मारल्या, काय बोलले ते दादा सांगत नाही, पण पुढच्या रविवारी हुडी मागे होती. त्यानंतरच्या रविवारी परत डोक्यावर. चालायचंच.

आणि आता जक्कयाची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायात जक्कय येतो, यरीहो गावचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका. येशू रस्त्याने चाललाय, गर्दी आहे, दिसत नाही, म्हणून हा पुढे पळत जाऊन उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली उभा राहून म्हणतो, उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. आणि जक्कय म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. सासूबाई ही गोष्ट फार रंगवून सांगतात. जकातदार म्हणजे काय हे मुलांना कळेना, जकात नाके बंद होऊन इतकी वर्षं झाली. छोटी म्हणाली टोलनाक्यावरचे काका? सासूबाई म्हणाल्या हो तसंच, पण पावती न देणारे.

उंबर मात्र छोटीला माहीत होता, कारण तो आमच्या गेटजवळच आहे. (मूळ बायबलमधलं झाड आपल्या उंबराचंच भावंड, त्यालाही खोडाला लगडून फळं येतात, मराठीत उंबर करणाऱ्याला मनातून दाद देते मी.) गेटजवळच्या उंबराला पार बांधलाय, आणि बी विंगमधल्या एक काकू दर गुरुवारी तिथे दिवा लावतात, दत्ताचं स्थान म्हणून, प्रदक्षिणा घालतात, पाणी घालतात. छोटीची आणि त्यांची गट्टी, प्रसादाच्या पेढ्यामुळे.

गुरुवारी मी ऑफिसमधून येत होते तर दोघी पारावर बसलेल्या. छोटी हातवारे करत सांगतेय, "काकू, तुमच्या झाडावर ना, जक्कय चढला होता."

काकू घाबरून वर बघायला लागल्या. "कोण गं? कुठल्या विंगमधला?"

मग अख्खी गोष्ट झाली. गर्दी, बुटका, झाड, उतर खाली, सगळं, आजीचे हातवारे जसेच्या तसे, शिवाय तिची स्वतःची भर म्हणजे चढताना जक्कयाची पँट फाटली. काकू मन लावून ऐकत होत्या, हातात वाती तशाच. मी गाडी लावून तिथेच थांबले. मला जरा धाकधूक, त्यांना आवडेल का नाही, त्यांच्या दत्ताच्या झाडाखाली आपली गोष्ट. गोष्ट संपल्यावर काकूंनी एकच विचारलं.

"मग दिले का त्याने पैसे परत?"

"चौपट!" छोटी म्हणाली.

काकूंनी दिव्यात तेल घातलं आणि म्हणाल्या, "मग तुझ्या त्या येशूला सांग, आपल्या बिल्डरला पण एकदा झाडावर चढव म्हणावं. पार्किंगचे पैसे घेऊन बसलाय मेला."

त्या रविवारी नवरा घरी होता, टाळ होता, दादाची हुडी अर्धी मागे अर्धी पुढे. प्रार्थनेची पाळी छोटीकडे आली. तिने डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "प्रभू येशू, बिल्डरकाकांना उंबराच्या झाडावर चढव, आणि मग त्यांच्या घरी जेवायला जा, आमेन."

आमेन सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या त्या सासूबाई.